पुतळा जिन्यापाशी, मुली फाटकाबाहेर

आमच्या सोसायटीच्या ग्रुपवर वर्षातून दोनदा युरोप अवतरतो. ३ जानेवारीला आणि ८ मार्चला. सावित्रीबाईंना अभिवादन करून होतं न होतं तोच कुणीतरी लिहितं, 'तेव्हा तिकडे काय चाललं होतं? चेटकीण म्हणून बायका जाळत होते.' दुसऱ्या बाजूनं लगेच उत्तर येतं की बाई लिहायला शिकली तर नवरा मरतो असं आपल्याकडे मानत होते, त्याच्या कितीतरी आधी इटलीत बाई डॉक्टरेट झाली होती. इकडून गार्गी, मैत्रेयी, लीलावती. तिकडून हिल्डेगार्ड, एलेना, मारी क्युरी. यंदा तर बी विंगमधल्या काकांनी दोन रकाने पाडून यादीच टाकली. रात्री अकरापर्यंत सामना बरोबरीत होता. मग पाण्याच्या टँकरचा निरोप आला आणि सगळे पांगले.

मी दोन्ही रकाने नीट वाचले. चुका फार नव्हत्या. चेटकिणींचंही खरं आहे: पंधराव्या ते अठराव्या शतकाच्या दरम्यान युरोपात त्या आरोपाखाली मारल्या गेलेल्यांचा अंदाज ४० ते ६० हजारांचा आहे आणि त्यात बहुसंख्य बायका होत्या. आक्षेप यादीच्या तपशिलाला नाहीच, यादी करण्यालाच आहे. विदुषी मोजून कुठल्याही समाजातलं स्त्रीशिक्षण मोजता येत नाही. मी तर पुढे जाऊन म्हणेन की युरोपच्या इतिहासात एखाद्या विलक्षण बाईला मानानं आत घेणं हा बाकीच्यांना बाहेर ठेवण्याचा फार सोयीचा मार्ग होता. ज्या एलेनाचं चित्र काकांनी पुरावा म्हणून टाकलं, तिचीच गोष्ट बघा.

एलेना कोर्नारो पिस्कोपिया व्हेनिसच्या अतिशय वजनदार घराण्यातली. वडील सेंट मार्कचे प्रोक्युरेटर, म्हणजे व्हेनिसच्या प्रजासत्ताकातले बडे मानकरी. लॅटिन, ग्रीक, हिब्रू, गणित, संगीत असं सगळं तिला घरी शिक्षक ठेवून शिकवलेलं. वडिलांनी पादुआ विद्यापीठाकडे तिच्यासाठी धर्मशास्त्राची डॉक्टरेट मागितली. तिथले बिशप ग्रेगोरियो बार्बारिगो यांनी साफ नकार दिला. बाईनं धर्म शिकवायचा म्हणजे काय? शेवटी तत्त्वज्ञानावर तडजोड झाली. २५ जून १६७८ रोजी परीक्षा होती. गर्दी एवढी लोटली की समारंभ विद्यापीठातून कॅथीड्रलमध्ये हलवावा लागला. ॲरिस्टॉटलमधले ऐनवेळी काढलेले उतारे तिनं लॅटिनमधून उलगडून दाखवले. डोक्यावर लॉरेलचा मुकुट, बोटात अंगठी, खांद्यावर अर्मिनच्या फरची शाल. इथपर्यंतची गोष्ट ग्रुपवर आली होती. पुढची अशी, की थोड्याच काळात तिथल्याच एका प्राध्यापकाच्या मुलीला परीक्षेला बसायचं होतं, तेव्हा विद्यापीठानं कानाला खडा लावला आणि बायकांसाठी दार लावून टाकलं. विद्यापीठाची पदवी घेणारी पुढची ठळक बाई युरोपात दिसते ती ५४ वर्षांनी, आणि तीही दुसऱ्या गावात. पादुआ विद्यापीठाच्या जुन्या इमारतीत जिन्याच्या पायथ्याशी आज एलेनाचा पुतळा आहे. पुतळा उभारायला कुणाची हरकत नसते. पुतळा दुसऱ्या मुलीला सोबत घेऊन येत नाही.

दुसरं गाव बोलोन्या. तिथली लॉरा बासी १७३२ साली वयाच्या विसाव्या वर्षी पदवीधर झाली आणि त्याच वर्षी प्राध्यापक म्हणून नेमली गेली, पगारासकट. ऐकायला आजही थक्क व्हायला होतं. पण विद्यापीठात जाहीर व्याख्यान द्यायला तिला खास परवानगी लागे आणि ती मोजक्याच प्रसंगी मिळे. मोठे पाहुणे आले, कार्निव्हलच्या दिवसांत शरीरविच्छेदनाचा जाहीर कार्यक्रम ठेवला, की बाईंना बोलावणं. शहराला ती हवी होती दागिन्यासारखी, सणावारी अंगावर घालायला. तिनं त्यातून वाट काढली ती मात्र अस्सल होती. जुझेप्पे वेरात्ती या डॉक्टरशी लग्न केलं, घरातच प्रयोगशाळा मांडली आणि विद्यार्थ्यांना घरी शिकवलं. १७७६ साली, म्हणजे मरण्याआधी दोन वर्षं, तिला प्रायोगिक भौतिकशास्त्राचं अध्यासन मिळालं आणि नवरा तिचा सहायक झाला. जर्मनीतल्या क्वेडलिनबुर्गची डोरोथिया एर्क्सलेबेन हे तिसरं नाव. प्रशिया या जर्मन राज्याचा राजा फ्रीडरिश यानं तिला हाले विद्यापीठात परीक्षा द्यायची परवानगी दिली होती. संसार, नवऱ्याची पहिली मुलं, स्वतःची मुलं यातून ती परीक्षेला बसली १७५४ साली, आणि तेही गावातल्या डॉक्टरांनी 'ही भोंदू वैदू आहे' अशी तक्रार केली म्हणून. ती पास झाली आणि आयुष्यभर डॉक्टरकी केली. मग जर्मनीतल्या बाकीच्या मुलींचं काय झालं? प्रशियाची विद्यापीठं त्यांना रीतसर खुली झाली १९०८ मध्ये. दीडशे वर्षं एक उदाहरण नुसतं पडून होतं. राजानं परवानगी दिली होती ती डोरोथियाला, तिच्या नावानं. नियम कुणीच बदलला नव्हता.

माझी आजी इंग्रजी वर्तमानपत्र वाचायची. घरात पाहुणे आले की आजोबा मुद्दाम तिला एखादी बातमी वाचून दाखवायला सांगत आणि पाहुणे माना डोलवत. तिच्या धाकट्या दोन्ही नणंदांना चौथीनंतर शाळेतून काढलं ते याच घरानं. 'आमच्याकडे बायका शिकलेल्या आहेत' हे वाक्य मी लहानपणी खूप ऐकलं. 'बायका' या अनेकवचनात फक्त आजी होती.

यावर एक आक्षेप येतो आणि तो वजनदार आहे. कुणीतरी पहिली असल्याशिवाय दुसरी येणार कशी? डोळ्यासमोर उदाहरण नसेल तर मुलीनं स्वप्न तरी कशाचं बघायचं? मान्य. पंधराव्या शतकाच्या सुरुवातीला पॅरिसमध्ये क्रिस्तीन द पिझान या बाईनं नेमका हाच युक्तिवाद केला होता. पंचविशीत विधवा झालेली, पदरात मुलं, लेखणीवर घर चालवणारी. बायकांना बुद्धी नसते असं एकामागून एक विद्वान लिहितायत हे वाचून ती चिडली आणि १४०५ च्या सुमारास तिनं कर्तबगार स्त्रियांचं एक कल्पित नगरच ग्रंथात रचलं. त्या काळात ती यादी म्हणजे धाडस होतं. पण पुढे काय? नंतरची तीनशे-साडेतीनशे वर्षं युरोपात स्त्रियांच्या बाजूनं लिहिणारे पुन्हा पुन्हा तीच यादी करत राहिले, थोडी नावं वाढवून. यादीनं काम भागणार असतं तर ते १४०५ मध्येच भागलं असतं. समोरच्यानं प्रत्येक नावावर मान हलवायची आणि म्हणायचं, 'वा! पण ती अपवाद.' त्याचं म्हणणं यादीमुळे खोटं पडत नाही, उलट पक्कं होतं. उदाहरण लागतंच. फक्त ते दाराशी नेऊन उभं केलं नाही तर भिंतीवरचं चित्र होऊन बसतं.

दुसरा आक्षेप मला जास्त आवडतो, कारण तो करणाऱ्यांनी निदान काही वाचलेलं असतं. ते म्हणतात, पदवी म्हणजेच शिक्षण हे कुणी ठरवलं? मध्ययुगातल्या ख्रिस्ती जोगिणींच्या मठांत बायका लॅटिन शिकत, पोथ्या नकलत, जमिनी आणि हिशेब सांभाळत. बाराव्या शतकातली बिंगेनची हिल्डेगार्ड औषधी वनस्पतींवर लिहीत होती, संगीत रचत होती, पोपला पत्रं पाठवून कानउघाडणी करत होती. पुढे पॅरिसमध्ये मादाम जॉफ्राँसारख्या बायकांच्या दिवाणखान्यात सगळे तत्त्वज्ञ हजेरी लावत. त्यांच्याकडे कुणाला बोलावलं यावर माणसाची किंमत ठरे. हे सगळं खरं आहे, आणि स्त्रियांच्या सामाजिक जीवनाचा इतिहास फक्त विद्यापीठांच्या नोंदवह्यांतून लिहिणं चूकच आहे. लग्न, बाळंतपणं आणि सासर यांच्या बाहेर बाईला सन्मानानं जगता येईल अशी जागा मठानं दिली, ही गोष्ट लहान नव्हे. आपल्याकडच्या विधवेला तशी जागा कुठे होती?

पण त्या जागेचा सातबारा कुणाच्या नावावर होता, हे विचारलं पाहिजे. मठात जायलाही बहुधा हुंडा लागे, म्हणजे गरिबाघरच्या मुलीला ती वाट नव्हतीच. आणि मठ एका फर्मानानं उठवता येत असे. केम्ब्रिजमध्ये सेंट रॅडेगुंडच्या नावाचा बायकांचा एक जुना मठ होता. १४९६ मध्ये बिशप जॉन ॲल्कॉक यांनी तो मोडीत काढला. तिथे दोनच जोगिणी उरल्या होत्या असं कारण होतं. त्या इमारतींत त्यांनी जीझस कॉलेज काढलं. मुलांसाठी. मठाचं देवघर कॉलेजचं चॅपेल झालं, आवार तेच राहिलं, फक्त बायका गेल्या. त्या कॉलेजात पदवीसाठी मुली आल्या १९७९ साली. बायकांच्याच जागेत बायकांना परत यायला ४८३ वर्षं लागली! पुढे १५३६ ते १५४० मध्ये आठव्या हेन्रीनं इंग्लंडमधले सगळेच मठ बंद केले. पुरुषांचेही केले, पण त्यांची विद्यापीठं शाबूत होती आणि ग्रामर स्कूलं निघत होती. बायकांच्या मठांतून ज्या थोड्या मुली शिकत होत्या, त्यांच्यासाठी काहीच निघालं नाही. मेरी वॉर्ड या इंग्रज बाईनं मुलींच्या शाळांसाठी युरोपभर जाळं विणलं, तर १६३१ मध्ये पोपनं तिची संस्थाच बरखास्त केली. आणि दिवाणखाने? ज्या बायकांच्या घरी विद्वान घडले, त्यांना विद्वानांच्या अकादमीत खुर्ची नव्हती. फ्रेंच अकादमीत पहिली बाई निवडून आली १९८० मध्ये. विज्ञानाच्या अकादमीनं १९११ साली मारी क्युरीला नाकारलं, तेव्हा तिच्या घरात एक नोबेल होतं आणि दुसरं त्याच वर्षी येणार होतं. यजमानीण म्हणून तुम्ही कितीही मोठ्या व्हा, सदस्य म्हणून नाही.

आता केम्ब्रिजला थोडं थांबायला हवं, कारण मराठी माणसाचं त्या गावाशी एक जिव्हाळ्याचं नातं आहे. तिथल्या गणिताच्या ट्रायपॉस परीक्षेत १८९९ साली रघुनाथ पुरुषोत्तम परांजपे सीनियर रँग्लर, म्हणजे पहिल्या क्रमांकाचे, झाले आणि 'रँग्लर' हा शब्द आपल्या घराघरांत गेला. त्याच परीक्षेत नऊ वर्षं आधी, १८९० मध्ये, न्यूनम या मुलींच्या कॉलेजची फिलिपा फॉसेट सगळ्यांच्या वर आली होती. बायकांचे निकाल वेगळे वाचत, म्हणून तिचा क्रमांक जाहीर झाला तो 'सीनियर रँग्लरच्या वर' असा. म्हणजे पहिला आला तो पहिला, आणि ही त्याच्याही वर, पण कुठेच नाही. पदवी तिला मिळाली नाही. तिचे वडील हेन्री फॉसेट पार्लमेंटात हिंदुस्थानच्या पैशाचा हिशेब एवढ्या चिकाटीनं मागत की लोक त्यांना 'हिंदुस्थानचे खासदार' म्हणत. एका पारतंत्र्यातल्या देशाचा, कोकणातल्या खेड्यातला मुलगा केम्ब्रिजचा पदवीधर होऊ शकत होता. त्याच गावात शिकलेली, परीक्षेत सगळ्यांना मागे टाकणारी इंग्रज मुलगी होऊ शकत नव्हती. साम्राज्यात कुणाची जागा कुठे होती हे इतक्या थोडक्यात सांगणारा दुसरा पुरावा मला माहीत नाही. गोष्ट इथे संपत नाही. रँग्लर परांजप्यांची मुलगी शकुंतला पुढे त्याच न्यूनममध्ये गणित शिकायला गेली, १९२० च्या दशकात. तेव्हा केम्ब्रिज बायकांना पदवी नावापुरती देऊ लागलं होतं: कागद मिळे, विद्यापीठाचं सभासदत्व नाही, मत नाही. वडिलांना जे मिळालं ते मुलीला पुरतं मिळालं नाही, तीस वर्षांनंतरही.

इथे नेहमीचा युक्तिवाद येतो: समाजाची तयारी नसताना दारं ढकलली की उलट फटका बसतो. आपल्याकडेही पुण्याच्या हुजूरपागा या मुलींच्या शाळेवरून वाद झाला तेव्हा 'केसरी'तून हेच ऐकू येत होतं. यात तथ्य अजिबात नाही असं मी म्हणणार नाही. २१ मे १८९७ रोजी केम्ब्रिजमध्ये मुलींना पदवी द्यावी का यावर मतदान झालं तेव्हा जो गोंधळ झाला, तो फटकाच होता. पण 'समाज' म्हणजे नक्की कोण? लंडन विद्यापीठानं मुलींना पदव्या खुल्या केल्या १८७८ मध्ये. झ्युरिकमध्ये नादेझ्दा सुस्लोवा १८६७ मध्येच डॉक्टर झाली होती. कलकत्ता विद्यापीठातून १८८३ मध्ये दोन मुली बी.ए. झाल्या. नाशिकला जन्मलेली, पुण्याच्या डेक्कन कॉलेजात शिकलेली कॉर्नेलिया सोराबजी मुंबई विद्यापीठाची पदवी घेऊन ऑक्सफर्डला गेली, १८९२ मध्ये तिथली कायद्याची मोठी परीक्षा पास झाली आणि तिला ती पदवी हातात मिळाली तीस वर्षांनी, १९२२ मध्ये. मुंबईचा समाज तयार होता आणि ऑक्सफर्डचा नव्हता, असं म्हणायचं का? लंडनहून केम्ब्रिज आगगाडीनं दीड-दोन तासांच्या अंतरावर. त्या दोन तासांत समाज बदलत नव्हता. बदलत होता तो मताचा अधिकार. केम्ब्रिजमध्ये मत होतं जुन्या एम.ए. पुरुषांना, आणि त्या दिवशी ते लंडनहून खास गाड्यांनी मत द्यायला आले. बाजूनं ६६१, विरोधात १७०७. इंग्लंडमधल्या आईबापांना कुणी विचारलं नव्हतं. मुलींना तर नाहीच.

त्या दिवशी चौकात एक बाहुली टांगली होती. सायकलवर बसलेली बाई. हे मला फार बोलकं वाटतं. भांडण जर खरोखर पदवीचं असतं तर बाहुलीच्या हातात पुस्तक असतं. सायकल कशाला? कारण खरी धास्ती होती ती मुलगी एकटी कुठेही जाऊ शकेल याची. बुद्धीवरचे आणि प्रकृतीवरचे आक्षेप तोंडी लावायला होते. अभ्यासानं मुली आजारी पडतात असं डॉक्टर मॉड्स्ली यांनी १८७४ मध्ये लिहिलं, तेव्हा एलिझाबेथ गॅरेट अँडरसन यांनी, त्या स्वतः डॉक्टर, विचारलं की घरात राबणाऱ्या मोलकरणींना दर महिन्याला विश्रांती द्यावी असं कुणाला कसं सुचत नाही? ते कुणालाच सुचलं नव्हतं, कारण मोलकरीण कुठे जाते याची भीती नव्हती. रशियात बाईला बापाच्या किंवा नवऱ्याच्या संमतीशिवाय पासपोर्ट मिळत नसे, म्हणून गणिती सोफिया कोव्हालेव्हस्कायानं १८६८ मध्ये निव्वळ परदेशी जाता यावं यासाठी कागदोपत्री लग्न केलं. झ्युरिकमध्ये शिकणाऱ्या रशियन मुलींना १८७३ मध्ये झारनं परत बोलावलं, ते त्यांचा अभ्यास बिघडला म्हणून नाही. त्या तिथे स्वैर वागतात आणि क्रांतिकारकांत मिसळतात म्हणून. या बाबतीत केम्ब्रिजला मुलींचं गर्टन कॉलेज काढणाऱ्या एमिली डेव्हिस भारी होत्या. वागण्याबोलण्यात कमालीच्या सोवळ्या: मुलींनी नाटकात पुरुषांचे कपडे घातले तर त्यांचा पारा चढला. कॉलेज बांधलं तेही गावापासून दोन मैल दूर. पण प्रत्येक मुलीला निजायची एक आणि बसायची एक अशा दोन खोल्या हव्यात यावर त्या अडून राहिल्या. सहा भावंडांत वाढलेल्या, आल्यागेल्याला चहा देण्यात दिवस घालवणाऱ्या मुलीला पहिल्यांदा स्वतःचं दार आतून लावता आलं. रात्री मैत्रिणींना कोकोला बोलावायचं की नाही, तेही तिनंच ठरवायचं.

याच डेव्हिसबाईंचा एक वाद आपल्याकडच्या वादाशी जुळतो. मुलांना त्या काळी लॅटिन-ग्रीकची प्राथमिक परीक्षा सक्तीची होती. न्यूनमचे पुरस्कर्ते हेन्री सिज्विक म्हणत, ही सक्ती मुलांसाठीच निरर्थक आहे, मुलींच्या माथी कशाला मारता? ज्यांना घरी लॅटिन मिळालेलं नाही त्यांना थेट आवडीचा विषय शिकू द्या. शिक्षणाच्या दृष्टीनं सिज्विक बरोबर होते, याबद्दल मला शंका नाही. डेव्हिस हटून बसल्या: तीच परीक्षा, तेवढ्याच मुदतीत, काहीही वेगळं नको. त्यांच्या मुलींचे कितीतरी महिने व्याकरणात वाया गेले. तरी मी डेव्हिसबाईंच्या बाजूची आहे. कारण वेगळी परीक्षा ठेवली की ती हलकी आहे हे ठरायला एक दिवसही लागत नाही. फिलिपाच्या क्रमांकानं खळबळ उडाली ती पेपर तोच होता म्हणून. आपल्याकडे आगरकर मुलामुलींना एकच शिक्षण आणि तेही एकत्र द्या म्हणत होते. कर्वे अण्णांनी १९१६ मध्ये वेगळ्या अभ्यासक्रमाचं, मातृभाषेतलं महिला विद्यापीठ काढलं. अण्णांमुळे ज्या मुली शिकल्या त्यांना मुंबईच्या मॅट्रिकची इंग्रजी भिंत कधीच ओलांडता आली नसती, हे मान्य करूनही त्या पदवीला नोकरीच्या बाजारात मान मिळायला किती वर्षं गेली, तेही आठवावं लागतं.

केम्ब्रिजनं बायकांना पुरतं सभासद करून घ्यायचा ठराव केला डिसेंबर १९४७ मध्ये. त्याआधी १९२१ मध्ये आणखी एक मतदान झालं होतं आणि ते हरल्यावर, म्हणजे बायका हरल्यावर, जिंकलेल्या पोरांनी हातगाडी आदळून न्यूनमचं ब्राँझचं फाटक मोडलं होतं. १९४८ च्या आधी शिकून गेलेल्या बायकांना विद्यापीठानं परत बोलावलं ते १९९८ च्या उन्हाळ्यात. तेव्हा त्या सत्तरीच्या, ऐंशीच्या, काही नव्वदीच्या होत्या. शेकडो आल्या. कुणी काठी टेकत, कुणी नातीचा हात धरून, काळे गाउन घालून, पदव्या दिल्या जातात त्या सेनेट हाउसकडे चालत गेल्या. त्यांच्यापैकी बहुतेकींची नावं कुठल्याच यादीत नाहीत.